पंढरीचा नगरकारभार : वारकरी व देणगीदारांसाठी परिचय

श्रीक्षेत्र पंढरपूर हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून भीमा नदीच्या उजव्या तीरावर वसलेले आहे. येथे नदीने अर्धचंद्राकार वळण घेतले आहे, म्हणून या पात्रापुरती ती चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. श्रींचे नित्योपचार, दर्शनाच्या वेळा, परिवार देवता आणि क्षेत्रातील अन्य तीर्थे यांची माहिती या पुस्तिकेत इतरत्र दिलेली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय निराळा आहे. येथे येणारे भाविक माहिती कक्षात देवाविषयी जितके विचारतात, जवळजवळ तितकेच गावाविषयीही विचारतात. नदीला आज पाणी आहे का, असल्यास ते कोणी सोडले, शौचालय बंद आहे तर सांगावे कोणाला, मंदिरात इतके दान येते तरी रस्त्यावर गटार का वाहते? हे प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे एका खात्यात सापडत नाहीत, म्हणून हा परिचय.

गावाचे माप आणि यात्रेचे माप

2011 च्या जनगणनेत पंढरपूर शहराची लोकसंख्या 1 लाखाच्या किंचित आत भरली. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार 1965 च्या अधिनियमानुसार चालतो. त्यात 40 हजारांहून अधिक आणि 1 लाखापर्यंत वस्तीच्या गावाला ‘ब’ वर्गाची नगरपरिषद, असा निकष आहे. वर्ग ठरला की आस्थापना ठरते, म्हणजे अधिकारी किती, लिपिक किती, सफाई कर्मचारी किती. शासनाकडून मिळणाऱ्या निधीचे गणितही बहुतांशी याच आकड्याभोवती फिरते. थोडक्यात, गावात रात्री झोपणारी माणसे मोजायची आणि त्यांच्या प्रमाणात नळ, दिवे, झाडू पुरवायचे, अशी ही रचना आहे. एखाद्या साधारण बाजारपेठेच्या गावाला ती पुरेशी आहे.

पंढरपूर मात्र तसे गाव नाही. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी अशा चार मोठ्या यात्रा येथे भरतात. आषाढी एकादशीला 10 लाखांहून अधिक भाविक या गावात असतात. दर एकादशीला, सुट्ट्यांमध्ये आणि अधिक महिन्यात होणारी गर्दी निराळीच. म्हणजे गावाच्या दसपट माणसे काही दिवसांसाठी त्याच गल्ल्यांत, त्याच गटारांवर, त्याच जलवाहिन्यांवर येतात आणि द्वादशीनंतर पांगतात. पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाला की गाव पुन्हा 1 लाखाचे होते.

याचा अर्थ कळण्यासाठी साधा हिशेब करून पाहावा. पिणे, हातपाय धुणे आणि थोडा स्वयंपाक एवढ्यासाठी माणशी केवळ 10 लिटर पाणी धरले, तरी 10 लाख माणसांना दिवसाला 1 कोटी लिटर पाणी लागते. आता शौचालयांचे पाहू. एका बैठकीचा चोवीस तासांत शंभर माणसांनी उपयोग केला असे मानले, आणि हे मानणेही उदारपणाचेच आहे, तरी 10 लाखांसाठी 10 हजार बैठका हव्यात. शिवाय सगळ्यांना त्या पहाटे चार ते आठ या वेळातच हव्या असतात! एवढ्या बैठका बारा महिने बांधून ठेवणे 1 लाख वस्तीच्या गावाला शक्य नाही, आणि ठेवल्या तरी त्यांची निगा राखणार कोण, हा प्रश्न उरतोच.

एक गोष्ट येथे न्यायाने नमूद केली पाहिजे. यात्रा हे गावावरचे केवळ ओझे नव्हे. बुक्का, तुळशीमाळा, चुरमुरे, पेढे, टाळ-मृदंग, घरगुती खोल्या, रिक्षा, नावा यांवर येथील हजारो कुटुंबे जगतात. 2020 आणि 2021 या दोन वर्षी करोनाच्या साथीमुळे मानाच्या पादुका एस. टी. बसने आल्या आणि आषाढीला गावात संचारबंदी होती. त्या दोन वर्षांत गल्ल्या स्वच्छ होत्या, गटारे तुंबली नाहीत, आणि बाजारपेठेत मात्र चूल पेटण्याची भ्रांत होती. ज्यांनी तो काळ येथे काढला, ते यात्रेच्या गर्दीबद्दल फारशी कुरकुर करीत नाहीत.

कोणाचे काम कोणते

पंढरपूरची नगरपालिका 1855 साली स्थापन झाली. राज्यातील जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. यात्रेकरूंकडून कर घेऊन त्यातून यात्रेची व्यवस्था लावावी, ही कल्पनाही जुनीच आहे. ब्रिटिश अमदानीत येथे यात्राकर घेतला जात असे, आणि आजच्या अधिनियमातही नगरपरिषदेला असा कर बसविण्याची मुभा आहे. व्यवहारात यात्रेच्या खर्चासाठी शासनाच्या अनुदानावर भिस्त असते. ते वेळेवर यावे म्हणून करावा लागणारा पत्रव्यवहार हा येथील कारभाराचा नित्याचा भाग झाला आहे.

रस्ते, गटारे, पाणीपुरवठा, पथदिवे, कचरा, सार्वजनिक शौचालये, अग्निशमन आणि जन्ममृत्यूची नोंद ही कामे नगरपरिषदेची. तिचा प्रशासकीय प्रमुख मुख्याधिकारी असतो. आरोग्य विभागात निरीक्षक, त्यांच्या हाताखाली मुकादम आणि मुकादमाच्या हाताखाली सफाई कर्मचारी, अशी उतरंड असते. भाविकाला रस्त्यावर प्रत्यक्ष भेटणारा नगरपालिकेचा माणूस म्हणजे बहुधा मुकादमच. तुंबलेल्या गटाराची किंवा बंद नळाची तक्रार त्याच्या कानावर घातली, तर ती अर्जापेक्षा लवकर मार्गी लागते, असा अनुभव आहे.

मंदिराचा कारभार मात्र नगरपालिकेकडे नाही, आणि बहुतेकांची गल्लत येथेच होते. पूर्वी श्रींची पूजाअर्चा आणि उत्पन्न बडवे, उत्पात व अन्य सेवाधारी यांच्याकडे वंशपरंपरेने होते. नाडकर्णी आयोगाच्या चौकशीनंतर 1973 मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. न्यायालयीन वादामुळे त्याची अंमलबजावणी लांबली आणि 1985 मध्ये मंदिर समितीने कारभार हाती घेतला. वंशपरंपरागत हक्कांचा वाद जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. हुंडीत पडलेले आणि समितीच्या पावतीने दिलेले दान या कायद्याखाली समितीकडे जमा होते आणि कायद्याने ठरविलेल्या कामांसाठीच खर्च होते. दर्शनरांग, मंडप, रांगेतील पाणी, अन्नछत्र, भक्तनिवास ही समितीची बाजू. गल्लीतले गटार ही तिची बाजू नव्हे. मंदिराचे दान आणि नगरपालिकेची तिजोरी यांमध्ये दरवाजा नाही, एवढे ध्यानात घेतले तरी बराचसा रोष योग्य पत्त्यावर जाईल.

तिसरी बाजू महसूल खात्याची. यात्रेच्या काळात सर्व खात्यांची सूत्रे जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी आणि तहसीलदार यांच्याकडे एकवटतात. पोलीस बंदोबस्त, वाहतुकीचे मार्ग, वाहनतळ, आपत्कालीन कक्ष हे सर्व तेथून हलते. पालख्यांचा शेवटचा मोठा तळ ज्या वाखरीत पडतो ते वाखरी आणि गोपाळकाल्याचे गोपाळपूर ही स्वतंत्र गावे आहेत. तेथील पाणी आणि दिवाबत्ती ग्रामपंचायत व जिल्हा परिषद पाहते. वारकऱ्याच्या दृष्टीने वाखरीपासून महाद्वारापर्यंत सारी एकच पंढरी आहे, पण कागदावर त्या वाटेत हद्द बदलते. हद्दीवरचा कचरा उचलायचा कोणी, हा वाद कोणत्याही गावाला चुकलेला नाही.

चंद्रभागेचे पाणी

आता ज्या प्रश्नावर सर्वाधिक विचारणा होते त्याकडे वळू. एकादशीला चंद्रभागेत वाहते पाणी असणे हा आज केवळ निसर्गाचा भाग राहिलेला नाही. 1980 साली भीमेवरील उजनी धरणात पाणी अडविण्यास आरंभ झाला, तेव्हापासून पंढरपुरातील नदी ही धरणाच्या दरवाजांनी चालणारी नदी झाली आहे. उजनीची एकूण साठवण क्षमता सुमारे 117 अब्ज घनफूट, म्हणजे 117 टीएमसी आहे. त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे 63 टीएमसी, हा अचल साठा आहे, म्हणजे दरवाजांच्या पातळीखालचा. उन्हाळ्याच्या अखेरीस वृत्तपत्रांतून धरण उणे झाल्याचे वाचावयास मिळते, त्याचा अर्थ पाणी या अचल साठ्यात उतरले, एवढाच असतो.

आषाढी बहुधा जूनच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत येते. त्या सुमारास उजनी भरलेले असेलच असे नाही. मग भाविकांच्या स्नानासाठी पाटबंधारे खात्याकडून पाणी सोडून घ्यावे लागते. सोडलेले पाणी लगेच पोहोचत नाही. कोरड्या पात्रातील वाळू आणि वाटेतले बंधारे आपला वाटा घेतात आणि मग ते गुरसाळ्याच्या बंधाऱ्यापाशी येते. म्हणून सोडण्याचा दिवस एकादशीच्या आधी मोजून ठरवावा लागतो. कमी सोडले तर डबक्यात स्नान घडते, अधिक सोडले तर वाळवंट पाण्याखाली जाऊन उभे राहण्यास जागा उरत नाही. हे माप साधणे हे त्या खात्याचे कौशल्य आहे, आणि ते साधते तेव्हा त्याची वाच्यता कोणी करीत नाही.

उजनीच्या जोडीला दुसरे धरण लक्षात ठेवावे, ते नीरा नदीवरील वीर. उजनीच्या खाली नीरा नरसिंहपूर येथे नीरा भीमेला मिळते. त्यामुळे पंढरपुरात येणारा पूर हा उजनीचा विसर्ग आणि वीरचा विसर्ग यांची बेरीज असतो. सह्याद्रीकडील नीरेचे खोरे अनेकदा आधी भरते. अशा वेळी उजनीतून थेंबही सुटलेला नसताना चंद्रभागा वाढलेली दिसते आणि नवखा भाविक बुचकळ्यात पडतो. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी. दिवसभर 11 हजार 500 क्युसेकच्या आसपास विसर्ग चालू राहिला तर 1 टीएमसी पाणी वाहून जाते. ध्वनिक्षेपकावरून विसर्गाचा आकडा सांगितला जातो तेव्हा हे प्रमाण मनाशी ठेवावे.

गावकरी मात्र आकड्यांपेक्षा खुणांवर विसंबतात. जुन्या दगडी पुलावर पाणी आले का, भक्त पुंडलिकाच्या मंदिराला पाण्याने वेढले का, व्यास नारायण झोपडपट्टीतील माणसे सामान हलवू लागली का? या क्रमाने पूर चढतो. 2006, 2019 आणि 2020 या वर्षी चंद्रभागेने मोठे पूर पाहिले. 14 ऑक्टोबर 2020 रोजी अतिवृष्टीत कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. पावसापासून आडोसा म्हणून माणसे भिंतीच्या आश्रयाला गेली होती. पावसाळ्यात घाटावरील भिंती, कमानी आणि जुन्या ओवऱ्यांखाली थांबू नये, असे आम्ही तेव्हापासून प्रत्येक भाविकास आवर्जून सांगत असतो.

पूर नसतानाही नदी निर्धोक नसते. वाळूच्या बेकायदा उपशामुळे पात्रात खड्डे पडलेले आहेत. वर गुडघाभर पाणी दिसते आणि पुढचे पाऊल खड्ड्यात जाते. बुडालेल्यांत पोहता येणारेही असतात. स्नान घाटाच्या पायऱ्यांलगत, इतर माणसे उभी आहेत तेथेच करावे. मुलांचा हात सोडू नये.

पाण्याच्या शुद्धतेविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. आळंदी आणि देहूच्या घाटांवरून वाहणारी इंद्रायणी तुळापुराजवळ भीमेला मिळते. पुणे शहरातून येणारी मुळामुठाही पुढे भीमेतच येते. हे सारे पाणी उजनीत साठते आणि तेथून पंढरीस येते. नीरेत ज्या पाण्याने माउलींच्या पादुकांना स्नान घडते, तेही नरसिंहपुरावरून इकडेच येते. पालख्या पायवाटेने चालत येतात आणि त्यांच्या गावचे पाणी नदीवाटेने, अशी ही सुंदर गोष्ट आहे. मात्र त्याच पाण्यासोबत पुणे, पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणीही येते आणि पंढरपुरातील नाल्यांची त्यात भर पडते. शासनाने 2016 मध्ये ‘नमामि चंद्रभागा’ हा उपक्रम जाहीर केला आणि 2022 पर्यंत नदी निर्मळ करण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते साल उलटून गेले, उद्दिष्ट गाठले गेले नाही. तीर्थ म्हणून पाणी मस्तकी लावावे, आचमन मात्र श्रद्धा आणि प्रकृती या दोहोंचा विचार करून करावे. नदीचे पाणी बाटलीत भरून घरी पिण्यासाठी नेण्याचा मोह टाळावा, हे आम्ही जबाबदारीने लिहीत आहोत.

पिण्याचे पाणी

शहराचा पाणीपुरवठाही याच नदीवर, बंधाऱ्यात अडविलेल्या पाण्यावर अवलंबून आहे. ते जलशुद्धीकरण केंद्रात गाळून, निर्जंतुक करून जलकुंभांत चढविले जाते. उन्हाळ्यात बंधारा खालावला की शहराला एक दिवसाआड पाणी देण्याची पाळी येते. ज्या गल्लीत आपण उतरता तेथील यजमानाने आपल्यासाठी भरून ठेवलेला हंडा कदाचित कालचा असतो, हे लक्षात असू द्यावे.

यात्रेत टँकरवरील, मठातील किंवा धर्मशाळेतील पाणी पिण्यापूर्वी त्यात औषध टाकले आहे का, हे विचारण्यास संकोचू नये. आरोग्य कर्मचारी पाण्याच्या साठ्यात टीसीएल पावडर टाकतात आणि लहान नळीत पाणी घेऊन ओटी तपासणी करतात. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले की क्लोरीन आहे असे समजावे. जुन्या काळी पटकीची साथ यात्रेबरोबर येई आणि यात्रेबरोबरच गावोगावी पसरे. विसाव्या शतकात वारकऱ्यांना पटकीची लस टोचण्याची व्यवस्था करावी लागली, ती त्या भयापोटीच. आज ती भीती लोक विसरले आहेत. विसरता आले, याचे पुष्कळसे श्रेय त्या पिवळ्या थेंबाला आहे.

मैला, वाळवंट आणि माणसे

या विषयावर देवस्थानाच्या पुस्तिकेत सहसा लिहिले जात नाही. तथापि क्षेत्राची खरी कसोटी येथेच लागते.

अनेक पिढ्या यात्रेकरू नदीचे पात्र आणि गावाबाहेरील मोकळ्या जागांत शौचास बसत. यात्रा उलटली की तो मैला झाडूने, पत्र्याने, पाटीने उचलला जाई. हे काम करणारी माणसे विशिष्ट जातींतीलच असत. समतेचा घोष करीत लाखो लोक ज्या वाळवंटात नाचत, त्याच वाळवंटात दुसऱ्या दिवशी काही मोजकी माणसे इतरांची विष्ठा उचलत. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर 1993 च्या कायद्याने बंदी आली. 2013 मध्ये अधिक कडक कायदा झाला, त्यात अशा कामगारांच्या पुनर्वसनाचीही तरतूद आहे. पंढरपुरातील स्थितीविषयी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि न्यायालयाने शौचालये उभारण्याचे व नदीपात्रातील तंबू-राहुट्या हटविण्याचे आदेश दिले. पैलतीरावरील 65 एकरांचे मैदान 2015 पासून दिंड्यांच्या मुक्कामासाठी वापरात आले, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. तेथे भूखंड आखून दिलेले असतात आणि पाणी, वीज, शौचालये यांची सोय असते. वाळवंटात राहुटी टाकण्याची शेकडो वर्षांची वहिवाट मोडली म्हणून प्रारंभी अनेक फडकऱ्यांना वाईट वाटले. त्यांची भावना समजण्यासारखी होती. परंतु तो निर्णय योग्यच होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याच सुमारास पालखी मार्गावर मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. पूर्वी पालखी पुढे गेल्यावर मागच्या गावाला आठवडाभर दुर्गंधी सोसावी लागे आणि गावकरी शेताच्या बांधावर काटे टाकीत. ते चित्र बऱ्याच अंशी पालटले. पंढरपुरातही कायम शौचालय संकुले झाली, भुयारी गटारे व मलनिस्सारण प्रक्रिया केंद्र आहे, तुंबलेल्या वाहिन्या मोकळ्या करण्यासाठी जेटिंग यंत्र येते, मैला उपसणाऱ्या गाड्या येतात. यात्रेच्या काळात अन्य गावांतून सफाई कामगार मागविले जातात आणि ते पाळ्यांमध्ये रात्रंदिवस राबतात.

तरीही उणिवा आहेत. संकुले यात्रेपुरती झळाळतात आणि पुढे कधी पाण्यावाचून, कधी कुलपाअभावी, कधी कुलपामुळेच निरुपयोगी होतात. स्त्रियांची कुचंबणा सर्वाधिक होते. दिवसभर रांगेत उभे राहावे लागणार म्हणून अनेक वृद्ध माता आदल्या रात्रीपासून पाणी पिणे सोडतात आणि रांगेतच भोवळ येऊन पडतात. आरोग्य पथकाकडे येणाऱ्या अशा रुग्णांना प्रथम पाणीच द्यावे लागते. मातांना कळकळीची विनंती आहे की पाणी सोडू नये. लघवीस जाण्यासाठी रांगेतून बाहेर पडावे लागल्यास पुढच्या-मागच्या भाविकांना सांगून जावे. परत आल्यावर जागा देण्यास वारकरी नकार देत नाहीत.

पात्रात सोडलेली वस्त्रे हा आणखी एक प्रकार. स्नानानंतर जुने लुगडे, धोतर नदीत सोडण्याची रूढी पुष्कळांनी धर्म मानली आहे. ती वस्त्रे पुढच्या बंधाऱ्याच्या दरवाजांत अडकतात आणि सफाई कामगारांना कमरेइतक्या पाण्यात उतरून ती ओढून काढावी लागतात. निर्माल्यासाठी कलश ठेवलेले आहेत. द्रोण, पत्रावळी, प्लास्टिकच्या बाटल्या यांसाठी घंटागाडी फिरते.

अन्य सोयी

प्रवासाची सोय तुलनेने सुकर झाली आहे. 1906 साली कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वे पंढरपुरास आली आणि 1927 मध्ये ती मिरजेपर्यंत पोहोचली. अरुंद रुळांच्या त्या गाडीच्या टपावर बसून आलेले वारकरी अद्याप गोष्टी सांगतात. आता दोन्ही मार्ग रुंद रुळांचे आहेत. आषाढीस एस. टी. महामंडळ सुमारे पाच हजार जादा बस सोडते. त्यासाठी चंद्रभागा, भीमा, पांडुरंग व विठ्ठल या नावांची तात्पुरती बसस्थानके उभारली जातात. आपल्या जिल्ह्याची बस यांपैकी कोठून सुटणार, हे उतरतानाच वाहकास विचारून कागदावर लिहून घ्यावे. चुकामूक होते ती बहुधा परतीलाच. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलिसांच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत. वृद्ध व लहान मुलांच्या खिशात गावाचे नाव व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

देणगीदारांसाठी

तीर्थक्षेत्री दान करण्याची परंपरा थोर आहे आणि पंढरीत तिने मोठी कामे उभी केली आहेत. अन्नछत्रे, धर्मशाळा, घाट यांची उदाहरणे सर्वपरिचित आहेत. परंतु 1875 साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी येथे सुरू केलेला बालकाश्रम फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. यात्रेच्या गावी टाकून दिलेली मुले आणि निराधार माता यांची जबाबदारी ना मंदिराने घेतली होती ना नगरपालिकेने. ती काही सुजाण माणसांनी घेतली. खात्यांच्या हद्दीमध्ये जी जागा रिकामी राहते, तेथे दान सर्वाधिक कामी येते, हे त्यावरून दिसते.

देणगी देताना प्रथम पावती कोणाची आहे ते पाहावे. मंदिर समिती, स्वतंत्र मठ, धर्मशाळेचा न्यास आणि नगरपरिषद या भिन्न संस्था आहेत. सार्वजनिक न्यासाचा नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असतो. आयकरातील सवलत हवी असल्यास त्या न्यासाला तशी मान्यता आहे का, ते आधी विचारावे. रस्त्यात पावतीपुस्तक घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी व्यक्तीस देणगी देऊ नये.

दुसरी गोष्ट थोड्या स्पष्टपणे सांगावी लागेल. खोली बांधून दिली की दारावर नावाची संगमरवरी फरशी बसते. जलवाहिनी बदलून दिली, शौचालयाच्या टाकीचा दोन वर्षांचा उपसा भरून दिला, रात्रपाळीच्या कामगारांना गमबूट व हातमोजे दिले, तर फरशी बसविण्यास जागा नसते. म्हणून अशा कामांना दाते मिळत नाहीत. आज पंढरीत खोल्यांपेक्षा बांधलेल्या खोल्यांची निगा अधिक निकडीची आहे. नवी वास्तू देणाऱ्या दात्यांनी तिच्या पाण्याचा, विजेचा आणि सफाईचा निदान पाच वर्षांचा खर्च त्याच वेळी बाजूला काढून ठेवावा, ही विनंती. सफाई कामगारांसाठी काही द्यावयाचे असल्यास ते यात्रेच्या आधी द्यावे. एकादशीच्या दिवशी वाटलेला प्रसाद त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण त्या दिवशी ते रांगेत नसतात, गटारावर असतात.

आणि आपल्या देणगीचे काम पाहण्यासाठी आषाढीत येऊ नये. भाद्रपदात किंवा पौषात, कोणत्याही आडवारी, आगाऊ न कळवता यावे. संस्थेच्या कार्यालयातून किल्ल्या मागून घ्याव्यात, नळ सोडून पाहावेत, टाकीचे झाकण उघडून पाहावे आणि हजेरीपुस्तक चाळावे. कार्यालय सकाळी उघडल्यापासून सायंकाळी दिवेलागणीपर्यंत यासाठी खुले आहे.